जाळ्यांतील यंत्रें एकमेकांस कशीं ओळखतात ?

एखादी गोष्ट नवी असते तोंपर्यंत तिचें आश्चर्य वाटतें; पुढें ती रोजची झाली म्हणजे आश्चर्य मावळतें, आणि त्याबरोबर 'हें कसें घडतें ?' हा प्रश्नही मावळतो. संगणकांच्या जाळ्याचें असेंच झालें आहे. शाळेच्या संगणककक्षांत एका टोकास बसलेला विद्यार्थी 'छापा' अशी आज्ञा देतो, आणि दुसऱ्या टोकाचा प्रिंटर त्याचा निबंध छापून बाहेर टाकतो. खोलींत प्रिंटर धरून यंत्रें तीस. सगळ्यांच्या तारा एकाच पेटींत गेलेल्या. मग तो निबंध शेजारच्या संगणकाकडे न जातां नेमका प्रिंटरकडेच कसा गेला? इतक्या यंत्रांतून प्रिंटर कोणता, हें त्या संगणकास कोणीं सांगितलें ? ह्या प्रश्नाचें उत्तर प्रस्तुत लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न लहान आहे, परंतु त्याच्या उत्तरांत मौज आहे आणि सावधगिरीचा एक धडाही आहे. तो यथाक्रम पुढें येईलच.

दोन पत्ते :— जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास दोन पत्ते असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेविली पाहिजे. विद्यार्थ्यास जसें एक नांव असतें व हजेरीपटावर एक अनुक्रमांकही असतो, तसाच हा प्रकार आहे. विद्यार्थी कोणत्याही शाळेंत गेला तरी नांव त्याच्याबरोबर जातें. अनुक्रमांक मात्र वर्ग बदलला कीं बदलतो. संगणकाच्या अनुक्रमांकास आयपी पत्ता म्हणतात. तो बत्तीस बिटांचा असतो. बिट म्हणजे शून्य अथवा एक ह्यांपैकीं कोणतें तरी एक चिन्ह. लिहिण्याच्या सोयीसाठीं ह्या पत्त्याचे चार भाग करून ते टिंबांनीं जोडतात, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२०. घरच्या अगर शाळेच्या लहान जाळ्यांत हा पत्ता बहुधा राउटर वांटून देतो, आणि यंत्र दुसऱ्या जाळ्यांत गेलें म्हणजे त्यास तेथें दुसरा पत्ता मिळतो.

संगणकाचें जन्मनांव म्हणजे मॅक पत्ता. तो अठ्ठेचाळीस बिटांचा असून, यंत्राचा जो भाग जाळ्याशीं जोडला जातो त्यांत तो कारखान्यांतच नोंदलेला असतो. तो बारा चिन्हांनीं लिहितात. त्यासाठीं शून्यापासून नऊपर्यंतचे दहा अंक पुरत नाहींत, म्हणून पुढें ए पासून एफ पर्यंतचीं सहा रोमन अक्षरेंही अंक म्हणून घेतात. सामान्यतः ह्या बारांपैकीं पहिलीं सहा चिन्हें कारखानदाराचीं असतात. तीं आय-ट्रिपल-ई ही अभियंत्यांची संस्था वांटून देते. उरलेलीं सहा चिन्हें कारखानदार स्वतः ठरवितो. मात्र एका यंत्रास दिलेलीं चिन्हें तो दुसऱ्यास देत नाहीं. बत्तीस बिटांत सुमारें ४२९ कोटी निरनिराळे पत्ते मावतात; अठ्ठेचाळीस बिटांत सुमारें २८१ लाख कोटी.

दोन पत्ते कां ? :— एक पत्ता पुरे नव्हता काय, अशी शंका चाणाक्ष वाचकास येईल. तिचें उत्तर थोड्या इतिहासांत आहे. सन १९७३ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ ह्यांनीं एक टिपण लिहून नव्या प्रकारच्या जाळ्याची कल्पना मांडली, आणि डेव्हिड बॉग्ज ह्यांच्या साह्यानें तें जाळें प्रत्यक्ष उभारलें. एकाच तारेस सर्व संगणक जोडावयाचे. एकानें तारेंत संदेश सोडला कीं तो सर्वांपर्यंत पोंचावयाचा, आणि ज्याचा असेल त्यानें तो उचलावयाचा, अशी ती कल्पना होती. प्रकाश वाहून नेणारें ईथर नांवाचें एक सर्वव्यापी द्रव्य आहे असें एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञ मानीत असत. ती समजूत पुढें टाकून देण्यांत आली. परंतु तें नांव ह्या तारेच्या कामीं आलें, आणि जाळ्यास इथरनेट म्हणूं लागले.

प्रारंभींच्या प्रायोगिक इथरनेटमध्यें यंत्राचा पत्ता अवघा आठ बिटांचा होता. म्हणजे सारे मिळून २५६ पत्ते. सन १९८० मध्यें डिजिटल, इंटेल व झेरॉक्स ह्या तीन कंपन्यांनीं इथरनेटचा नमुना मुक्रर केला, तेव्हां पत्ता अठ्ठेचाळीस बिटांचा करण्यांत आला. ह्या निर्णयामागील विचारसरणी योगेन दलाल व रॉबर्ट प्रिंटिस ह्यांनीं १९८१ सालच्या एका निबंधांत मांडली. ह्यांपैकीं दलाल हे मुंबईच्या आय. आय. टी. चे १९७२ सालचे पदवीधर होत, हें वाचून आमच्या वाचकांस संतोष वाटेल. प्रत्येक यंत्राचा पत्ता साऱ्या जगांत एकमेव असावा, म्हणजे यंत्र एका जाळ्यांतून उचलून दुसऱ्यांत नेलें तरी गोंधळ होणार नाहीं, असा त्या विचाराचा सारांश आहे.

परंतु नांव एकमेव असलें म्हणून त्यावरून घर सांपडतेंच असें नाहीं. मॅक पत्त्यावरून यंत्र कोणत्या कारखानदाराचें तें कळतें. तें सांप्रत पुण्यांत आहे कीं पॅरिसमध्यें, हें कळत नाहीं. उलट आयपी पत्ते जाळ्याजाळ्यांच्या गटांनीं वांटलेले असल्यामुळें त्यांवरून मार्ग काढतां येतो. म्हणून लांबचा मार्ग आयपी पत्त्यावरून शोधावयाचा, आणि शेवटचें पाऊल मॅक पत्त्यावरून टाकावयाचें, अशी कामाची वांटणी झाली. ह्या वांटणींतून एक अडचण उत्पन्न झाली. संगणकास प्रिंटरचा आयपी पत्ता ठाऊक असतो. पण मॅक पत्ता लिहिल्यावांचून इथरनेट पाकीट पोंचवीत नाहीं. पत्ता आठ बिटांचा होता तोंवर तो आयपी पत्त्याच्या पोटांत बसवितां येत असे. अठ्ठेचाळीस बिटांची वस्तु बत्तीस बिटांच्या डबींत मावणार कशी?

दवंडी :— सन १९८२ च्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या संस्थेंतील डेव्हिड प्लमर ह्यांनीं ह्या अडचणीवर एक उपाय प्रसिद्ध केला. इंटरनेटच्या नियमपत्रांच्या मालिकेंत त्याचा क्रमांक ८२६ आहे. ह्या रीतीस एआरपी म्हणतात. कल्पना इतकी साधी आहे कीं आपल्या खेड्यांतील कोणाही वृद्ध गृहस्थास ती सांगतांक्षणीं समजेल. माणूस कोणता तें ठाऊक नसेल तर गांवांत दवंडी पिटून विचारावें, म्हणजे ज्याचा तो पुढें येईल, एवढेंच तिचें तत्त्व आहे.

समजा, विद्यार्थ्याच्या संगणकाचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५ आहे व प्रिंटरचा १९२.१६८.१.२० आहे. संगणक प्रथम एक लहानसें पाकीट तयार करतो. त्यांतील मजकूर अवघा २८ बाइटांचा, म्हणजे रोमन लिपींतील २८ अक्षरांना लागते तेवढ्या जागेचा असतो. त्यांत मुख्य गोष्टी चार : विचारणाऱ्याचा मॅक पत्ता, विचारणाऱ्याचा आयपी पत्ता, ज्याचा शोध चालला आहे त्याचा आयपी पत्ता, आणि त्याच्या मॅक पत्त्यासाठीं सोडलेली रिकामी जागा. पाकिटावर कोणा एकाचें नांव नसतें. बाराच्या बारा ठिकाणीं 'एफ' हें अक्षर असतें. त्याचा अर्थ 'सर्वांस' असा ठरलेला आहे.

खोलींतील सर्व तारा ज्या पेटींत एकत्र येतात तिला स्विच म्हणतात. एरवीं ही पेटी ज्याचें पाकीट त्याच्याच तारेवर सोडते. परंतु 'सर्वांस' असें लिहिलेलें पाकीट दिसतांच त्याच्या प्रती ती उरलेल्या सर्व तारांवर पाठविते. एकोणतीसही यंत्रें तें पाकीट घेतात व वाचतात. आंतील प्रश्न माणसाच्या भाषेंत सांगावयाचा तर असा : 'मी १९२.१६८.१.५, माझा मॅक पत्ता अमुक. तुमच्यापैकीं १९२.१६८.१.२० कोण ? त्यानें आपला मॅक पत्ता मला कळवावा.' अठ्ठावीस यंत्रें 'हा प्रश्न आपणांस नव्हे' असें जाणून गप्प राहतात. एकटा प्रिंटर उत्तर देतो, आणि तें उत्तर दवंडीनें नव्हे, तर सरळ विचारणाऱ्याच्याच नांवें पाठवितो. कारण विचारणाऱ्याचा पत्ता प्रश्नांतच आलेला आहे.

येथें प्लमर ह्यांची योजकता दिसून येते. परक्या घरीं गेल्यावर आधीं आपण कोण तें सांगावें व मग काम बोलावें, हा जो शिष्टाचार, तोच त्यांनीं यंत्रांस लावून दिला. प्रश्न वाचतांवाचतां प्रिंटर विचारणाऱ्याची नोंद करून ठेवतो. त्यामुळें त्यास उलट दवंडी पिटावी लागत नाहीं. दोन पाकिटांत दोघांचीही ओळख पुरी होते, आणि डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं निबंध छापावयास निघतो.

टिपणवही :— प्रत्येक पाकिटापूर्वीं अशी दवंडी पिटावी लागली तर जाळ्यांत कामापेक्षां गलकाच अधिक होईल. म्हणून मिळालेलें उत्तर संगणक आपल्या स्मृतींतील एका वहींत टिपून ठेवतो व कांहीं काळ त्यावरच काम चालवितो. ही नोंद कायमची ठेवून चालत नाहीं; कारण जुना प्रिंटर जाऊन त्याच जागीं नवा आला तर आयपी पत्ता तोच राहूं शकतो, पण मॅक पत्ता बदलतो, आणि जुन्या नोंदीवर विसंबणाऱ्याचीं पाकिटें कोणासच पोंचत नाहींत. यासाठीं नोंदीस आयुष्य ठरवून दिलेलें असतें. हल्लींच्या पुष्कळ संगणकांत ती अर्ध्या मिनिटाच्या सुमारास जुनी समजून पुन्हां पडताळली जाते. सिस्को कंपनीच्या राउटरांत, कोणीं मुद्दाम बदल केला नसेल तर, ती चार तास राहते.

ज्या विद्यार्थ्यास ही वही प्रत्यक्ष पहावयाची असेल त्यानें शिक्षकांच्या अनुमतीनें विंडोज चालणाऱ्या संगणकावर आज्ञा लिहिण्याची काळी चौकट उघडावी. तींत रोमन लिपींत 'एआरपी' हीं अक्षरें लिहावीं, जागा सोडून एक आडवी रेघ व तिला लागून 'ए' हें अक्षर लिहावें, आणि एंटरची कळ दाबावी. एका बाजूस आयपी पत्ते व शेजारीं मॅक पत्ते अशी यादी समोर येईल. आपला संगणक नुकताच कोणाकोणाशीं बोलला तें तींत दिसेल.

एकच आयपी पत्ता चुकून दोन यंत्रांस मिळूं नये म्हणूनही दवंडीचा उपयोग करतात. नवा पत्ता मिळालेलें यंत्र तो वापरण्यापूर्वीं 'हा पत्ता कोणाचा आहे काय ?' असें विचारतें. कोणी 'माझा' म्हणून उत्तर दिलें, तर तें यंत्र तो पत्ता सोडून देतें. ह्या वहिवाटीचे नियम २००८ सालीं स्वतंत्रपणें लिहून प्रसिद्ध झाले.

वेशीबाहेर :— दवंडी गांवाच्या वेशीपर्यंतच ऐकूं जाते. एआरपीचा प्रश्नही आपल्या जाळ्याबाहेर जात नाहीं. मग दूर देशींच्या संगणकाकडे पाकीट कसें जातें ? रत्नागिरीहून नागपुरास पत्र धाडणारा मनुष्य नागपूरच्या टपालवाल्याचा शोध करीत बसत नाहीं. तो पत्र आपल्या टपालकचेरींत देतो. संगणक तसेंच करतो. पत्ता आपल्या जाळ्यांतला नाहीं असें दिसलें कीं तो दवंडी पिटतो ती राउटरच्या मॅक पत्त्यासाठीं, आणि पाकीट त्याच्या हवालीं करतो. पुढें प्रत्येक मुक्कामावर मॅक पत्ते बदलत जातात, जशा टपालाच्या थैलीवरील चिठ्ठ्या बदलतात. ज्यास तें पोंचवावयाचें त्याचा आयपी पत्ता मात्र पत्रावरील पत्त्याप्रमाणें शेवटपर्यंत टिकून राहतो. एवंच, आपण इंटरनेटवर जें जें पाठवितों तें तें प्रथम राउटरकडे जातें. आणि राउटर कोणता, हें आपला संगणक ह्याच दवंडीनें ठरवितो. पुढील विवेचनासाठीं ही गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

तोतया :— दवंडी ऐकून जो मनुष्य 'तो मीच' म्हणत पुढें आला, तो खरोखर तोच आहे कशावरून ? खेड्यांत हा प्रश्न पडत नाहीं, कारण सारे एकमेकांस तोंडानें ओळखतात. संगणकास तोंडओळख नाहीं. एआरपीच्या नियमांत उत्तर देणाऱ्यानें पुरावा द्यावा असें कोठेंही सांगितलेलें नाहीं. जें उत्तर येईल तें खरें मानून वहींत टिपावयाचें, एवढेंच सांगितलें आहे. इतकेंच नव्हे, तर ज्याची नोंद वहींत आधींच आहे त्याच्या नांवें नवें पाकीट आलें, मग तें न विचारतां आलेलें कां असेना, जुनी नोंद खोडून नवी लिहावी, असें मूळ नियमपत्रांतच आहे. यंत्र बदललें तर जाळें आपोआप सांवरावें, हा त्यांतील सद्धेतु. ज्या काळीं हा नियम झाला त्या काळीं जाळीं विद्यापीठांतून व संशोधनशाळांतून असत, आणि तीं वापरणारे लोक बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे असत.

आज तेंच जाळें रेल्वे स्टेशनांवर, उपाहारगृहांत व वसतिगृहांत आहे, आणि एका वाय-फायवर शेंकडों अनोळखी माणसें असतात. त्यांपैकीं एखाद्या दुष्ट बुद्धीच्या मनुष्यानें आपल्या संगणकावरून तुमच्या मोबाइलास 'राउटर तो मीच' असें कळविलें, व राउटरास 'तो मोबाइल मीच' असें कळविलें, तर दोघेही आपआपल्या वह्यांत तशा नोंदी करतील. मग तुमचें प्रत्येक पाकीट त्याच्या हातून जाईल व उत्तरही त्याच्याच हातून येईल. तो पाकिटें वाचून पुढें सोडीत राहिला, तर जाळें बंद पडत नाहीं, कांहीं बिघडल्यासारखें दिसत नाहीं, आणि मधल्या माणसाची शंकाही येत नाहीं. एक दिलासा इतकाच कीं, दवंडी वेशीबाहेर जात नसल्यामुळें ही लबाडी त्याच जाळ्यांतील यंत्रावरूनच करतां येते.

उपाय :— जाळें सांभाळणारांजवळ ह्यावर उपाय आहेत. चांगल्या प्रतीचे स्विच, राउटरनें कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्रास दिला ह्याची यादी ठेवतात, आणि एआरपीचें प्रत्येक उत्तर तिच्याशीं ताडून पाहतात. जुळलें नाहीं तर तें पुढें जाऊं देत नाहींत. पाहुण्यांच्या वाय-फायवर एका यंत्राचें पाकीट दुसऱ्या यंत्रास पोंचूंच द्यावयाचें नाहीं, अशीही व्यवस्था करतां येते. शाळेंत नवें जाळें घालतांना ह्या गोष्टींची चौकशी करणें अगत्याचें आहे.

परंतु सामान्य मनुष्याचा खरा आधार निराळा आहे. पाकीट कोणाच्या हातून जाईल हें आपल्या हातीं नसेल, तर आंतील मजकुरास मोहोर लावून तो गुप्त लिपींत पाठवावा. ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा आरंभ 'एचटीटीपीएस' ह्या अक्षरांनीं होतो, त्याच्याशीं होणारें बोलणें असें गुप्त असतें, आणि समोरच्या संकेतस्थळास आपल्या ओळखीचा दाखलाही दाखवावा लागतो. मधला तोतया पाकिटें हाताळूं शकेल. पण त्यास आंतील मजकूर वाचतां येत नाहीं व खरा दाखला दाखवितां येत नाहीं. म्हणूनच 'ह्या स्थळाचा दाखला विश्वसनीय नाहीं' अशी सूचना पडद्यावर आली असतां घाईनें 'पुढें चला' ही कळ दाबूं नये. परीक्षेचा अर्ज भरतांना किंवा बँकेचा व्यवहार करतांना तर कदापि दाबूं नये. ती सूचना प्रत्येक वेळीं तोतयामुळेंच येते असें नाहीं. परंतु तोतया असला तर त्याची वर्दी बहुधा तेथेंच मिळते. जे विद्यार्थी केवळ गंमत म्हणून असला खेळ करूं इच्छितात, त्यांनीं हेंही जाणावें कीं, दुसऱ्याच्या संगणकांत अगर जाळ्यांत अप्रामाणिकपणें शिरणें हा सन २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमान्वयें अपराध आहे, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे.

जन्मनांवाची जी उपमा आम्हीं दिली, तींतही अलीकडे फरक पडला आहे. मॅक पत्ता कधींच बदलत नसल्यामुळें, एकच मोबाइल कोठें कोठें फिरला हें त्यावरून ओळखतां येऊं लागलें. म्हणून अँड्रॉइडच्या २०१९ सालच्या व आयफोनच्या २०२० सालच्या आवृत्तीपासून मोबाइल प्रत्येक वाय-फायवर आपणहून एक टोपणनांव धारण करतात. तसेंच आयपी पत्त्यांचा १२८ बिटांचा जो नवा प्रकार आहे, त्यांत दवंडीच काढून टाकली आहे. तेथें सर्वांस न विचारतां एका लहान गटासच विचारतात. परंतु तेथेंही, वेगळी तजवीज केली नसेल तर, जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवण्याचीच वहिवाट आहे.

सारांश, आपलीं यंत्रें एकमेकांस जन्मतः ओळखीत नाहींत. तीं विचारतात, आणि मिळेल त्या उत्तरावर भरंवसा ठेवून कामास लागतात. ह्या भरंवशामुळेंच नवा संगणक जाळ्यास जोडतांच, कोणीं कांहीं न शिकवितां, तो क्षणांत कामाचा होतो; आणि त्याच भरंवशामुळें तोतयाचें फावतें. विचारणें व विश्वास ठेवणें हें काम यंत्रानें आपणावरून काढून घेतलें आहे. उत्तराची पारख करण्याचें काम मात्र कांहीं अंशीं अजून आपणांकडेच आहे. पडद्यावर सूचना आली असतां क्षणभर थांबून ती वाचणें, एवढें जरी आमच्या विद्यार्थिमित्रांनीं केलें, तरी त्या पारखेचा बराचसा भार त्यांनीं उचलला असें होईल.